पऱ्हाटी पाहायची, तीही ७८६ किलोमीटरवरून! 🛰️

पीएच.डी.नंतर ‘पोस्टडॉक’ म्हणून उपग्रहचित्रांवर काम करणारे नेमकं काय करतात? आपल्या यवतमाळचंच उदाहरण घ्या.

🌱 हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, अवरक्त परत फेकतं. या दोन्ही प्रकाशांच्या आकड्यांतून पिकाची तब्येत कळते. त्या निर्देशांकाचं नाव ‘एनडीव्हीआय’. ७८६ किलोमीटरवरचा सेंटिनेल-२ उपग्रह हे आकडे १० मीटरच्या चौकोनांत टिपतो, चित्रं फुकट!

☁️ ऐन पावसाळ्यात ढग आडवे येतात. तेव्हा सेंटिनेल-१ उपग्रहाचं ढगांतूनही पाहणारं रडार कामी येतं.

🧩 खरी कसोटी पुढेच: कापसात तुरीच्या ओळी! एकाच चौकोनात दोन पिकं. मग शिवारात जाऊन पडताळणी आलीच.

विद्यार्थ्यांनो, नागपुरात एमआरसॅक हे राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आणि इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे. लांब जायला नको!