तारकागुच्छ: कसे जमतात, कसे विखुरतात

मागच्या वेळी आपण एकट्या ताऱ्याचं आयुष्य पाहिलं. आज ताऱ्यांच्या समूहाबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे दुर्बीण आहे आणि कृत्तिका तर सगळ्यांनीच पाहिलेली आहे. म्हणून आधी एक प्रश्न विचारतो. कृत्तिका हा समूह आहे, हे कशावरून?

'दिसतंच की' हे उत्तर चालणार नाही. एकत्र तर सप्तर्षीही दिसतात आणि मृगाचे तारेही दिसतात. आमच्या न्यायदर्शनात हा वाद फार जुना आहे. प्रतिपक्षी म्हणतो, सेना आणि वन ही नुसती नावं आहेत. लांबून सैनिक आणि झाडं सुटी दिसत नाहीत म्हणून आपण एक नाव देतो, आणि घटाचंही तसंच आहे. नैयायिक म्हणतो, नाही, घट ही त्याच्या अवयवांहून वेगळी, खरी वस्तू आहे. वर्गात मी हा वाद अनेक वर्षं शिकवला, तो काही मिटला नाही. आकाशात मात्र त्याला मोजमाप लावता येतं, आणि मला त्याचीच गंमत वाटते.

पहिलं मोजमाप १७६७ सालचं. जॉन मिशेल या इंग्लिश पाद्र्याने हिशोब मांडला, की एवढ्या तेजाचे तारे आकाशात कसेही उधळले, तर कृत्तिकेतले सहा ठळक तारे निव्वळ योगायोगाने इतके जवळ येण्याची शक्यता किती? उत्तर आलं, सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे यामागे काही कारण असलं पाहिजे. तारा किती लांब आहे हे तेव्हा कोणालाच मोजता येत नव्हतं. तरीही नुसत्या संभाव्यतेवरून माणूस इथपर्यंत पोचला!

दुसरी कसोटी गतीची. जे एका समूहाचे, ते बरोबर चालतात. १९०८ साली लुईस बॉस यांनी दाखवलं, की रोहिणीभोवतीच्या इंग्रजी व्ही आकारातल्या ताऱ्यांच्या गतीच्या रेषा वाढवल्या, तर त्या एकाच बिंदूकडे जातात. लांबवर पाहिलं की रेल्वेचे रूळ मिळाल्यासारखे वाटतात ना, तसं. या गुच्छाला हायडीज म्हणतात आणि तो सुमारे १५० प्रकाशवर्षं दूर आहे. आता गंमत बघा. त्यातला सगळ्यात ठळक, तांबूस तारा म्हणजे आपली रोहिणी, ती या गुच्छातली नाहीच. ती ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्या दृष्टिरेषेत मध्ये आली आहे, इतकंच.

आणि सप्तर्षी? त्यांतले मधले पाच तारे, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, खरोखरच बरोबर चालले आहेत. वसिष्ठाशेजारची अरुंधतीही त्यांच्याबरोबर आहे. टोकाचे क्रतू आणि मरीची मात्र परके. म्हणजे डोळ्याला सात दिसले, नात्याचे निघाले पाच. हे १८६९ साली रिचर्ड प्रॉक्टर यांच्या लक्षात आलं.

आता हे बरोबर चालणं येतं कुठून? जन्मापासून. वायू आणि धुळीचा एक प्रचंड थंड ढग असतो, उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. इतक्या थंडीत वायूचा दाब दुबळा पडतो आणि ढगाचे दाट भाग स्वतःच्याच वजनाने आत कोसळू लागतात. ढग एकसंध राहत नाही, त्याचे तुकडे पडतात. आणि एका ढगातून शेकडो, कधी हजारो तारे थोड्याच काळात तयार होतात. 'थोड्याच' म्हणजे काही लाख ते काही दशलक्ष वर्षं. हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला दुर्बीण लावा. तिथला तेजोमेघ सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे, आणि त्याच्या मधोमध चार ताऱ्यांचा छोटा चौकोन दिसतो. तिथले तारे दहा-तीस लाख वर्षांचे आहेत, म्हणजे तान्हेच.

इथे एक अडचण येते, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. ढगातला सगळा वायू ताऱ्यांत जात नाही. फार तर एक-तृतीयांश जातो, बहुधा त्याहून कमी. उरलेला वायू मध्येच भरलेला असतो आणि ताऱ्यांना एकत्र धरून ठेवण्यात त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा मोठा वाटा असतो. मग नुकतेच जन्मलेले जड, निळे तारे काय करतात? आपल्या प्रखर प्रारणाने आणि वाऱ्याने तोच वायू उडवून लावतात. धरणारंच गेलं! ताऱ्यांचा वेग तोच राहतो, पण ओढ कमी होते, आणि बहुतेक गुच्छ तिथेच सुटतात. ढगात जन्मलेल्या शंभर गुच्छांपैकी दहासुद्धा कृत्तिकेच्या वयाला पोचत नाहीत, असा अंदाज आहे. म्हणजे कृत्तिका हा नमुना नव्हे, तो वाचलेला अपवाद आहे. आपल्याला वाचलेलेच दिसतात, म्हणून तेच नेहमीचे वाटतात. या चुकीपासून जपायला हवं.

जाता जाता, कृत्तिकेच्या फोटोंत जी निळसर धूसर झालर दिसते, ती तिच्या जन्माची उरलेली वार नव्हे. पूर्वी तसं समजत. पण तिथल्या धुळीचा वेग आणि दिशा वेगळी आहे. गुच्छ एका परक्या ढगातून चालला आहे.

वाचले त्यांचं पुढे काय? एका गुच्छातल्या ताऱ्यांचं वय एक, रसायन एक, अंतर जवळपास एक. फरक फक्त वस्तुमानाचा. जड तारा इंधन उधळतो आणि लवकर संपतो, हलका काटकसरीने जगतो. म्हणून गुच्छात कोणते तारे अजून टिकून आहेत ते पाहिलं, की वय कळतं. कृत्तिका दहा-बारा कोटी वर्षांची आहे, तिचे ठळक तारे सगळे निळसर-पांढरे. रोहिणीच्या व्ही आकारात, रोहिणी सोडूनही, तीन-चार नारिंगी तारे दिसतील. तिथे जड तारे फुगून राक्षसी झाले आहेत. वय ६० कोटींच्या पुढे. पुष्याजवळचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुच्छ साधारण त्याच वयाचा. त्याच कर्क राशीत एम ६७ आहे, सुमारे ४०० कोटी वर्षांचा. तो छोट्या दुर्बिणीत फिकट दिसेल, पण त्याचं वय मनात ठेवून बघा.

हे लक्षात घ्या, की एकाही गुच्छाचं म्हातारं होणं कोणी पाहिलेलं नाही. विल्यम हर्शल यांनी १७८९ साली बागेचा दाखला दिला होता. बागेत एकाच वेळी कोंब, फूल आणि सुकलेलं झाड दिसतं, त्यावरून झाडाचं आयुष्य कळतं. आपणही तेच करतो.

पण हे सगळं चालू असताना गुच्छ विरतही असतो. तारे एकमेकांवर आपटत नाहीत, पण जवळून जाताना वेगाची देवघेव होते. जड तारे वेग गमावून मध्याकडे सरकतात, हलक्यांना वेग मिळतो आणि एखादा निसटतो. वर आकाशगंगेची ओढ आहे, वाटेतल्या मोठ्या ढगांचे हिसके आहेत. हायडीज गुच्छाच्या पुढे आणि मागे अशा निसटलेल्या ताऱ्यांच्या शेपट्या गाया उपग्रहाच्या मोजमापांतून २०१९ साली सापडल्या. एम ६७ टिकला, कारण तो ताऱ्यांनी भरलेला होता आणि आकाशगंगेच्या गर्दीच्या पातळीपासून बराच वर राहतो.

गोलाकार गुच्छांची गोष्ट वेगळी, ती पुढच्या वेळी सविस्तर. लाखो तारे, हजार-बाराशे कोटी वर्षांचं वय, आणि इतकी घट्ट पकड की ते अजून शाबूत आहेत. चैत्र-वैशाखात दक्षिण क्षितिज मोकळं असेल तर नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी आपल्याकडून चांगला दिसतो. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना तो घरून दिसतच नाही, आपण मात्र क्वचितच बघतो!

एक चिठ्ठी आली आहे: 'सूर्यही असाच गुच्छात जन्मला का?' बहुधा हो. जुन्या उल्कापाषाणांत अशा ॲल्युमिनिअमच्या खुणा मिळतात, जे काही लाख वर्षांत अर्धं संपतं. म्हणजे सूर्यमाला घडताना ते ताजं होतं, आणि जड तारे जवळपास असण्याची शक्यता मोठी. पण त्याला ४६० कोटी वर्षं झाली. एवढ्या काळात सूर्याने आकाशगंगेला वीसेक प्रदक्षिणा घातल्या, भावंडं कुठल्या कुठे गेली. वेगावरून आता ती ओळखता येत नाहीत, म्हणून रासायनिक घडणीवरून शोधतात. एम ६७ ची घडण सूर्याशी इतकी जुळते, की सूर्य तिथलाच असावा अशी शंका घेतली गेली. पण त्या गुच्छाच्या कक्षेतून सूर्याच्या आजच्या कक्षेत येणं गणितात फार अवघड पडतं. शोध चालू आहे. चला, गच्चीवर दुर्बिणी लावल्या आहेत, आधी रोहिणीकडे वळवा.