ज्वाळेचे छायाचित्र

दसऱ्याच्या संध्याकाळी रायपूर येथील डब्ल्यू. आर. एस. कॉलनीच्या मैदानावर रावणाचा प्रचंड पुतळा जाळण्यात येतो. पाहणाऱ्याला ज्वाळांच्या तांबूस, नारिंगी व पिवळ्या छटा दिसतात आणि त्यांच्या उजेडातले लोकांचे चेहरेही दिसतात. कॅमेऱ्याला मात्र ही दोन्ही कामे एकाच वेळी क्वचितच साधतात. चेहरे दिसतील इतका प्रकाश आत घेतला, तर ज्वाळेचा पांढरा डाग होतो. ज्वाळा सांभाळली, तर गर्दी काळोखात बुडते.

याचे कारण ज्वाळेच्या स्वरूपात आहे. तिचा पिवळा उजेड हा तापलेल्या काजळीच्या सूक्ष्म कणांचा असतो. त्यात तांबडा भाग सर्वांत अधिक, हिरवा त्याहून कमी व निळा अगदी थोडा असतो. कॅमेरा हे तीन भाग वेगवेगळे मोजतो. प्रकाश वाढला की प्रथम तांबड्याची मर्यादा संपते, नंतर हिरव्याची. म्हणून नारिंगी ज्वाळा आधी पिवळी व अखेर पांढरी उमटते. तेव्हा छायाचित्र घेताना ज्वाळा सांभाळावी व चित्र रॉ स्वरूपात नोंदवावे, हे बरे. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉ नोंदीत त्या 16,384 असतात. काळोखात दडलेले चेहरे या पायऱ्यांमुळेच पुढे उजळता येतात.

हे उजळण्याचे काम लेअर, म्हणजे थर, वापरून केले जाते. 1994 साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. मूळ चित्र तळाशी अबाधित राहते व प्रत्येक फेरफार त्यावर पारदर्शक कागदासारखा अंथरला जातो. प्रत्येक थराला मास्क जोडता येतो. मास्कच्या पांढऱ्या भागात फेरफार दिसतो, काळ्या भागात तो झाकला जातो. पहिल्या थराने सारे चित्र उजळावे व मास्कवर ज्वाळा काळ्या रंगाने झाकावी. उजळते ती फक्त गर्दी. दुसऱ्या थराने केवळ ज्वाळेतील प्रखर भाग थोडा उतरवावा. मास्कची कड मऊ ठेवावी, नाहीतर ज्वाळेभोवती कृत्रिम वलय दिसते. चेहऱ्यांवरील नारिंगी झाक मात्र पुसू नये. ती आगीचीच आहे.

या साधनांना एक मर्यादा आहे. जेथे तिन्ही रंगांची नोंद मर्यादेपलीकडे गेली, तेथील ज्वाळा कोणताही थर परत आणू शकत नाही. आणता येते ती दुसरीच ज्वाळा. काळ्या पार्श्वभूमीवरील आगीचे चित्र स्क्रीन पद्धतीने वर ठेवले की काळेपण नाहीसे होते व आग तेवढी उरते. रंगभूमीच्या भित्तिपत्रकात हे चालेल. वार्ताचित्रात ते असत्य ठरते. ऑगस्ट 2006 मध्ये बैरूतच्या एका छायाचित्रात धूर वाढवून दाखवल्याचे उघड झाले, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराची सर्व 920 चित्रे मागे घेतली. एका चित्रातील धुराने उरलेल्या चित्रांची साक्षही संशयास्पद केली.

म्हणून थर लावणाऱ्याने प्रत्येक वेळी स्वतःस एकच प्रश्न विचारावा: मैदानावर जे होते तेच मी उजळीत आहे, की जे नव्हते ते पेटवीत आहे?