तंजावरची वाट पांझरेवरून

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या देवपुरातल्या घरी लढाईच. गेल्या वर्षी या लढाईत माळ्यावरून एक लोखंडी पेटी खाली आली. आत आजोबांनी जपलेले मोडी कागद. वाचता कुणालाच येईनात. "रद्दीत घाला," सौ.ने निकाल दिला. मीही मान हलविली. तंजावरच्या सहलीची घाई होती ना!

तंजावरी पोहोचताच बृहदीश्वराचे दर्शन घेतले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले हे देऊळ. शिखर दोनशे फुटांहून उंच. पाहता पाहता मान अवघडते. पण आमची पावले थबकली ती भिंतीवरल्या मराठी शिलालेखापाशी. सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास इथे दगडात कोरविला. तमिळ मुलखात मराठी पाहून मुले हरखून गेली.

मग राजवाडा आणि त्यातले सरस्वती महाल ग्रंथालय. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. १८५५ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले. राज्य गेले, ग्रंथ राहिले. ताडपत्रे, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्या, सरफोजींच्या सहीची इंग्रजी पुस्तके. शिवाय दरबारच्या मोडी कागदांची बाडेच्या बाडे इथे जपून ठेवली आहेत, हे कळताच धाकटीने विचारले, "बाबा, आपल्या पेटीतले कागद असेच ना?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे.

परतीच्या गाडीत आणखी एक गोष्ट टोचत राहिली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून असलेच कागद गोळा करीत. त्यांनी १९२६ साली देह ठेवला तो आमच्या धुळ्यातच. १९२७ पासून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ गावात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या आहेत. सारा जन्म देवपुरात गेला. पण पांझरेचा पूल ओलांडून यांपैकी एकाही दाराची पायरी मी चढलो नव्हतो.

सुदैवाने सणाच्या गर्दीत रद्दीवाला फिरकलाच नव्हता! मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांपुढे आम्ही पेटी उघडली. त्यांनी चष्मा पुसला, एक कागद उजेडात धरला आणि सावकाश वाचू लागले. आमच्या पणजीने पाटल्या गहाण ठेवून विहीर पुरी करविली, त्याचा तो कागद होता. त्याच विहिरीच्या पाण्यावर आजोबा वाढले. सौ. बराच वेळ आपल्या हातांतल्या बांगड्यांकडे पाहत राहिली.

पुढल्याच रविवारी मुलांना घेऊन पूल ओलांडला. यंदा पाहुणे आले, की त्यांनाही आधी तिकडेच नेणार आहे. तंजावर मागाहून. पेटी मात्र आता माळ्यावर चढत नाही.