आईसाठी बेचाळीस रात्री, बापासाठी किती?

मराठी बालसाहित्यात आई गेली की सगळे जागे होतात. बाप गेला तर एका वाक्यात नोंद होते आणि गोष्ट पुढे निघते. हे मी वर्ध्यातल्या सभांमधून इतकं बोललो आहे, की आयोजक आता मला विषय देतच नाहीत, फक्त वेळ देतात. संपादकांनी मात्र ‘पोरक्या मुलांच्या गोष्टी’ असा रीतसर विषय देऊन आढावा मागितला आहे. भोगा आता.

सुरुवात ‘श्यामची आई’पासून करायची, हे ठरलेलंच. फेब्रुवारी 1933, नाशिकचा तुरुंग, बेचाळीस रात्री; 1953 साली अत्र्यांचा चित्रपट आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक. हे पुस्तक रडकं आहे असं म्हणणाऱ्यांनी ते शाळेत असताना वाचलेलं असतं, नंतर उघडलेलं नसतं. त्यातलं कर्ज त्यांना आठवत नाही. सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, घराची अब्रू जाते, आणि त्या अपमानाने आई खचत जाते. आमच्या जिल्ह्यातल्या कास्तकाराच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की कर्ज बापाचं आणि त्याची झळ सोसून मरते आई. आमच्याकडे ते उलट झालं.

वर्ध्याने आईच्या विरहाचं एक मोठं काम पाहिलं आहे, पण त्याकडे कुणी त्या नजरेने बघत नाही. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, तेव्हा मराठीत तूच का लिहीत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. 1918 साली ती गेली. ‘गीताई’ 1930 च्या ऑक्टोबरात सुरू होऊन 1931 च्या फेब्रुवारीत पूर्ण झाली. गोपुरीच्या गीताई मंदिरातल्या शिळांपुढे शाळांच्या सहली येतात, पोट्टे लपंडाव खेळतात, आणि गुरुजी अध्यायांची संख्या सांगतात. आईचं बोलणं मुलाने बारा वर्षांनी पुरं केलं, ही गोष्ट सांगायची राहूनच जाते.

मधला काळ झपाट्याने ओलांडू. ‘चांदोबा’तल्या सावत्र आयांना मोजत बसण्यात अर्थ नाही. ताम्हनकरांचा गोट्या पोरका, पण तो इतका खोडकर आणि इतका लाडका, की त्याचं पोरकेपण वाचकाच्या ध्यानातही राहत नाही. बोधकथांमधले अनाथ बाळ तर तिसऱ्या पानावर वर्गात पहिले येतात. त्यांच्याबद्दल बोलायला मला वेळ नाही.

मी थांबतो तो प्रकाश नारायण संतांच्या लंपनपाशी, आणि दर वेळी थांबतो. लंपन ‘बालसाहित्य नव्हे’, तो मोठ्यांनी आठवणीत रमण्यासाठी आहे, असं एका विद्वानांनी मला भर चर्चासत्रात ऐकवलं. मी आठवीच्या पोरांना ‘वनवास’ वाचून दाखवत आलो आहे. बेळगावकडची ती भाषा आमच्या वऱ्हाडी कानांना परकी, तरी पोरं हलत नाहीत. लंपन आजी-आजोबांकडे वाढतो. आईबाबा दुसऱ्या गावी. बाप जिवंत असतानाच या पोराला बापाशिवाय दिवस काढायची सवय लागलेली असते. म्हणून ‘झुंबर’मध्ये बाबा जातात तेव्हा ते जाणं आरडाओरड करत येत नाही. जो माणूस रोज दिसतच नव्हता, तो आता कधीच दिसणार नाही, एवढंच त्या पोराला उमजून घ्यायचं असतं, आणि तेच सर्वांत अवघड. संतांचे वडील ना. मा. संत 1946 मध्ये गेले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. ‘वनवास’ आलं 1994 ला. आई इंदिराबाईंनी आपलं दुःख कवितेत मांडलं, मुलाने आपलं जवळपास पन्नास वर्षं सांभाळलं. घाईने लिहिणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर लावून ठेवावा.

गेल्या दहा-बारा वर्षांत जे पुस्तकांना जमलं नाही, ते चित्रपटांनी केलं, हे मला खुपतं. 2014 च्या ‘किल्ला’तला चिन्मय वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात जातो आणि आईवरच चिडतो. ‘एलिझाबेथ एकादशी’त गेलेल्या बापाची आठवण म्हणजे त्याने बनवलेली सायकल, आणि कर्ज फेडायचं तर तीच विकायची वेळ. दोन्हीकडे पोरांना रडण्यापलीकडे काही करायला दिलं आहे. इंग्रजीत पॅट्रिक नेसने ‘अ मॉन्स्टर कॉल्स’मध्ये आई मरणाच्या दारात असलेल्या मुलाला थेट मोडतोड करू दिली. आपल्याकडे असं हस्तलिखित आलं तर संपादक त्यातला राग काढून संस्कार घालतील.

आणि वर्धा? शेतकरी आत्महत्यांमुळे आलेल्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. ज्या घरचा कास्तकार गेला, त्या घरच्या पोराला काय काय कळावं लागतं, बघा. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवणार. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार पोस्टात किंवा बँकेत अडकवलेले. सातबाऱ्यावर बापाचं नाव होतं की आजाचं, हेही बघितलं जाणार. मायबरोबर तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी जाणारं, फॉर्म वाचून दाखवणारं पोट्टं दहा वर्षांचं असतं. वावरात पऱ्हाटी उभी असते, ती वेचायला कोण जाणार हाही प्रश्न त्याच आठवड्यातला.

यावर कविता ढीगभर झाल्या, मोठ्यांच्या कथा झाल्या, अनुदानाची नाटकं झाली. त्या पोट्ट्यांना स्वतः वाचता येईल अशी, त्यांच्या बोलीतली एक नीट कादंबरी माझ्या हाती अजून पडलेली नाही. ‘मुलांना आत्महत्या कशी दाखवणार?’ असं आमचे पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात. दाखवायची कशाला? ती त्यांच्या घरात झालेली आहे. त्यानंतरचा सोमवार लिहा. शाळेत हजेरी घेताना गुरुजी नावाशी अडखळतात, शेजारचा मित्र डबा पुढे करतो आणि याला तो नको असतो. कुणी लिहिलंच तर पानं आधी मला पाठवा, छापणाऱ्याशी भांडायला मी येतो.