घरचा माणूस कारागृहात आहे? त्याचे उपचार बंद पडू देऊ नका

काही महिन्यांपूर्वी एक माउली दवाखान्यात आली. स्वतःला काही झालेले नव्हते. पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मन्हा पोऱ्याले फिट येतस. आते त्याले गोया कोन देई?" मुलाला आदल्या दिवशी अटक झाली होती.

धुळ्याचा तुरुंग म्हटला की आपल्याला १९३२ सालची विनोबांची गीता प्रवचने आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी आठवतात. पण आत असलेल्या माणसाच्या मधुमेहाचे, दम्याचे किंवा फिटचे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. वेळ आली की गोंधळ उडतो. म्हणून ही माहिती.

कायदा काय सांगतो?

अटक म्हणजे उपचारांचा हक्क संपला, असे नाही.

- भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करावी लागते. तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्या व्यक्तीला किंवा तिने सांगितलेल्या माणसाला मिळते.
- कलम ५६ नुसार, ज्याच्या ताब्यात आरोपी आहे त्याने त्याच्या आरोग्याची वाजवी काळजी घ्यायची असते.
- कारागृह कायद्यातही दाखल होताना आरोग्याची नोंद, आजारी कैद्यांसाठी वेगळी जागा आणि वैद्यकीय अधिकारी यांची तरतूद आहे.
- संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या 'नेल्सन मंडेला नियमां'चे तत्त्व सोपे आहे : बाहेरच्या माणसाला ज्या दर्जाचे उपचार मिळतात, त्याच दर्जाचे कैद्यालाही मिळावेत.

कोणते आजार थांबू शकत नाहीत?

*फिट (अपस्मार) :* गोळ्या अचानक बंद झाल्या तर एकामागून एक फिट येऊ शकतात. हे जिवावर बेतते.

*मधुमेह :* इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाचे, विशेषतः टाइप १ असेल तर, एक-दोन दिवसांचे डोस चुकणेही धोक्याचे असते.

*दारूचे व्यसन :* हे घरचे लोक लाजेने सांगत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत हातपाय थरथरणे, घाम, फिट आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. लोक त्याला 'नाटक' समजतात. हा आजार आहे, त्यावर औषध आहे. म्हणून लपवू नका.

*सिकलसेल :* धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळतो. पाणी कमी पडले, कडक ऊन किंवा थंडी लागली की असह्य वेदना सुरू होतात. खानदेशच्या उन्हाळ्यात हे आवर्जून सांगा.

*क्षयरोग आणि एचआयव्ही :* दोन्हींची औषधे सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात. मध्येच सोडली तर औषधांना दाद न देणारे जंतू तयार होऊ शकतात. गर्दीच्या बंद जागेत क्षयरोग लवकर पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर थुंकीची तपासणी मागा.

कुटुंबाने काय करावे?

१. एका कागदावर आजाराचे नाव, औषधांची नावे, डोस, वेळ आणि ॲलर्जी लिहा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद घरीच ठेवा.

२. हा संच पोलीस ठाण्यात द्या, वकिलामार्फत न्यायालयात द्या आणि कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे अर्जासह द्या. प्रत्येक वेळी पोच घ्या.

३. न्यायालयात हजर करतील तेव्हा आजाराची गोष्ट न्यायाधीशांसमोर मांडायला वकिलांना सांगा. न्यायालय उपचारांचे आदेश देऊ शकते.

४. औषधे डब्यातून किंवा कपड्यांतून लपवून देऊ नका. औषध कोणते द्यायचे, हे आतले डॉक्टर ठरवतात.

५. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. ताब्यात असलेल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

गंभीर आजारी किंवा अशक्त आरोपीच्या जामिनाचा विचार कलम ४८० नुसार न्यायालय करू शकते. मात्र आजार आहे म्हणून जामीन आपोआप मिळत नाही.

मनाची तब्येतही विचारा

भेटीत फक्त केसबद्दल बोलू नका. झोप, भूक, औषधे यांची चौकशी करा. "जगून काय उपयोग" असे शब्द ऐकले तर त्याच दिवशी कारागृहाच्या अधिकाऱ्यांना सांगा. तुमच्यावरचा ताण असह्य झाला तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

सुटून आल्यावर

आतल्या उपचारांचे कागद मागून घ्या आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. क्षयरोगाचे औषध चालू असेल तर निक्षय क्रमांक जपा. त्यावरून जवळच्या सरकारी दवाखान्यात पुढचे डोस मिळतात. घरातल्यांचीही तपासणी करून घ्या.

त्या माउलीला मी चिठ्ठी नव्याने लिहून दिली, तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या आणि त्या कुठे द्यायच्या ते समजावले. गुन्हा झाला की नाही, ते न्यायालय ठरवील. गोळीची वेळ मात्र निकालासाठी थांबत नाही.