जुन्या मोटारीची ‘अलाइनमेंट’ : एक संज्ञा, तीन मापे

मोटारदुरुस्तीच्या व्यवहारात ‘अलाइनमेंट’ हा शब्द एकवचनी वापरला जातो. ‘अलाइनमेंट बिघडली’, ‘अलाइनमेंट करून घेतली’, असे आपण सहज बोलतो. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन भिन्न मापे दडलेली आहेत. त्यांतील भेद नाहीसा झाला म्हणजे केवळ अर्थाचा घोटाळा होऊन थांबत नाही; टायर झिजतात आणि गाडी चालकाच्या हाताबाहेर जाऊ पाहते. हा भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

या मापांसाठी मराठीत परंपरागत शब्द नसावेत, याचे कारण बैलगाडीच्या रचनेत सापडते. बैलगाडीची दोन्ही चाके एकाच कण्यावर असतात आणि वळताना जुवामागोमाग सगळी गाडीच वळते. चारचाकी वाहनात पुढील दोन चाके आपापल्या खिळीवर स्वतंत्रपणे वळविण्याची योजना म्युनिकच्या लांकेनस्पेर्गरची. तिचे इंग्लंडमधील पेटंट १८१८ साली आकरमानच्या नावे झाले. चाक कण्यापासून असे सुटे झाले, तेव्हाच ते कोणत्या दिशेला किती कलावे हा प्रश्न उद्भवला.

पहिले माप ‘टो’. हा इंग्रजी शब्द पायाच्या बोटांचा वाचक आहे. पावले आत वळवून चालणाऱ्या माणसाप्रमाणे दोन्ही चाकांच्या पुढील कडा किंचित जवळ असल्या, की तो ‘टो-इन’. दुसरे ‘कँबर’ : समोरून पाहता चाकाचा माथा आत अथवा बाहेर झुकणे. तिसरे ‘कॅस्टर’ : चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा वरचा भाग मागे कललेला असणे. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो. वळण संपताच स्टिअरिंग आपोआप सरळ होते, ते मुख्यतः या कलामुळे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यातील ही गाडी मूळच्या फियाट ११०० ची वारस. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ती २०२३ साली निवृत्त झाली. हौशी मालकांकडे मात्र ती अद्याप आहे. तिची पुढील चाके स्वतंत्र स्प्रिंगांवर असून मागे पाट्यांवर बसविलेला अखंड आस आहे. यास्तव कोन जुळवावयाचे ते पुढील चाकांचेच. मात्र पाट्यांचे बोल्ट सैल होऊन मागील आसच सरकला असेल, तर पुढे कितीही जुळवणी केली तरी गाडी तिरकीच चालते.

अकोटहून अकोल्याकडे जाणारा रस्ता काळ्या कापसाच्या जमिनीतून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. परिणामी तिच्यावरील रस्ता उंचसखल होतो. अशा रस्त्यावर सांधे लवकर ढिले पडतात. म्हणून मोजमापापूर्वी टायरांतील हवा, चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे व बसकण मारलेल्या स्प्रिंगा तपासणे अगत्याचे आहे. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप दुसऱ्या खड्ड्यापर्यंतच खरे राहते.

यानंतरचा क्रम निश्चित आहे : प्रथम कॅस्टर व कँबर, शेवटी टो. पहिल्या दोहोंत फरक केला की टो बदलतो. उलटपक्षी टो बदलल्याने त्या दोहोंत लक्षणीय फरक पडत नाही.

टो मोजण्यास सपाट जमीन व मोजपट्टी पुरते. स्टिअरिंग सरळ ठेवून दोन्ही पुढील टायरांच्या मागील बाजूस, आसाच्या उंचीवर, खडूने खूण करावी व खुणांमधील अंतर मोजावे. मग चाके अर्धा फेरा फिरतील इतकी गाडी पुढे ढकलावी आणि त्याच खुणा पुढे आल्यावर पुन्हा मोजावे. खुणा त्याच राहिल्यामुळे रिमचा वाकडेपणा मापात शिरत नाही. दुरुस्ती दोन्ही बाजूंच्या टाय-रॉडांवर सारखी वाटावी, म्हणजे स्टिअरिंगचे चाक मध्यावर राहते. योग्य आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतला घ्यावा. परंतु तो जुन्या धाटणीच्या टायरांसाठी असतो आणि रेडियल टायरांना बहुधा कमी टो-इन पुरतो.

काही मिलिमीटरांची क्षिती कशाला, असे कोणी म्हणेल. १४ इंची रिमच्या कडांवर मोजलेला ३ मिलिमीटरांचा जादा टो म्हणजे प्रत्येक चाकास सुमारे पाव अंशाचा तिरकसपणा. या हिशेबाने १०० किलोमीटरांच्या प्रवासात प्रत्येक टायर सुमारे ४२० मीटर आडवा घासला जातो. टायरचा पृष्ठभाग करवतीच्या दात्यांसारखा हाताला लागत असेल, तर दोष टोचा. एकच कड झिजली असेल, तर संशय प्रथम कँबरवर घ्यावा. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी. कॅस्टर सहसा टायरावर लिहून ठेवीत नाही. त्याचा बिघाड हाताला कळतो : वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही व सरळ रस्त्यावर गाडी भटकते.

तात्पर्य, या तिन्ही संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द घडविण्याची निकड नाही. टो, कँबर, कॅस्टर हे शब्द कारागिरांच्या तोंडी रुळलेलेच आहेत. निकड आहे ती भेद राखण्याची. ‘अलाइनमेंट केली’ असे ऐकल्यावर ‘तिहींपैकी कोणती आणि कोणत्या क्रमाने?’ एवढा प्रश्न विचारता आला, तरी पुष्कळ साधले.