एअरबॅगचा दिवा विझत नाही? आधी कोड वाचा
मंडळी, अमरावती-अकोला रस्ता 2022 च्या गिनीज विक्रमानं गाजला: 75 किलोमीटर डांबरीकरण, 105 तास 33 मिनिटांत! आता तिथं गाड्या सुसाट धावतात. पण एअरबॅगचा दिवा लागूनच असेल, तर धडकेत ती उघडेल याचा भरवसा नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, माझा नियम एकच, आधी एरर वाचा. स्कॅनरवर ड्रायव्हर एअरबॅग सर्किटचा कोड आला आणि हॉर्न, स्टिअरिंगची बटणंही बंद असली, तर पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर. स्टिअरिंग फिरताना वायर जोडलेली ठेवणारी ही गुंडाळलेली पट्टी कालांतरानं तुटते.

एअरबॅगला मल्टिमीटर लावू नका. त्याच्या करंटनंही ती फुटू शकते. बॅटरी काढून, थांबून, जाणकार मेकॅनिकनंच उघडावं. अन् दिवाच काढून टाकायचा जुगाड? नको भाऊ!